गावच्या जमिनीवर कारखान्यातलं घर : पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचे सगळे भाग एका ट्रकमधून आले आणि अकरा दिवसांत भिंती-छप्पर उभं राहिलं. हे ऐकलं की लोक विचारतात, "म्हणजे अकरा दिवसांत घर?" नाही. पहिल्या कागदापासून आईने चूल मांडेपर्यंत सात महिने लागले. त्यातले बहुतेक दिवस परवानगी, रस्ता, पाणी आणि जोतं यांत गेले. कारखाना तुमच्या भिंती करतो. जमीन, पाया, सेप्टिक टाकी, विजेचा खांब हे सगळं तुमचं तुम्हालाच करावं लागतं, आणि ते जाहिरातीतल्या दिवसांत मोजलेलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चिऱ्याच्या किंवा विटांच्या घरात गवंडी काम करत असताना खिडकी हातभर सरकवता येते, मोरीचं तोंड फिरवता येतं. इथे यंत्राने सांगाड्याच्या पोलादी पट्ट्या कापल्या की ठरलं ते ठरलं. हे घर आधी पूर्ण ठरवावं लागतं आणि मग बांधावं लागतं. ज्यांना रोज थोडं थोडं बदलत बांधायची सवय आहे, त्यांचे पैसे इथे वाया जातात. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी प्रकार ओळखा

'प्रीफॅब' या एका शब्दाखाली बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

कंटेनर घर सगळ्यांना फोटोत आवडतं. मालवाहू कंटेनर २० किंवा ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो. आतून उष्णतारोधक थर आणि बोर्ड लावला की हातात जेमतेम सात फूट उरतात. खाट लावली की शेजारून एकच माणूस जातो. शिवाय खिडकी-दारासाठी पन्हळी भिंत कापली की तिची ताकद कमी होते आणि तिथे चौकट वेल्ड करून ती परत द्यावी लागते. जुन्या कंटेनरच्या प्लायवुडच्या तळाला बऱ्याचदा कीटकनाशक मुरवलेलं असतं, तो तळ तसाच ठेवून वर लहान मुलांना खेळवू नका. शेतावरची खोली किंवा कार्यालय म्हणून कंटेनर चांगला, पण म्हाताऱ्या आईवडिलांचं कायमचं घर म्हणून मी तो सुचवणार नाही.

पफ पॅनेलची केबिन म्हणजे दोन पातळ रंगीत पत्र्यांच्या मध्ये भरलेला फोम. ५० ते १०० मिलिमीटर जाडीचं पॅनेल ऊन फार छान अडवतं, इतक्याच जाडीची विटेची भिंत त्याच्या जवळपासही जात नाही. पण पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कोकणात न्हाणीघराशी चूल आणि पाणी तापवायचा हंडा असतो, तो पफच्या भिंतीला टेकून कधीही ठेवू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीत रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली न जळणारी लोकर, भरलेलं पॅनेल मागा.

एलजीएसएफ, म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा सांगाडा, हा प्रकार आम्ही निवडला. जस्ताचा लेप असलेल्या साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून उभे-आडवे सांधे करतात. बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड, मध्ये ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) किंवा रॉकवूल, आतून जिप्सम किंवा पुन्हा सिमेंट बोर्ड. घर दिसायला घरासारखंच दिसतं. सगळे भाग माणसांना उचलता येतात, त्यामुळे अरुंद रस्त्याच्या गावांना हाच प्रकार जमतो.

चौथा प्रकार प्रीकास्ट काँक्रीटचा, म्हणजे भिंतींचे भाग आधीच साच्यात ओतून आणण्याचा, आणि पाचवा अख्खी खोलीच कारखान्यात ओतून आणण्याचा. हे मोठ्या वसाहतींचं काम आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये सहा शहरांत सहा तंत्रांनी 'लाइट हाऊस' प्रकल्प सुरू केले, त्यात चेन्नईत प्रीकास्टची ११५२ घरं झाली, तर रांचीत तयार खोल्या एकावर एक रचल्या. एकट्या घरासाठी एवढी मोठी क्रेन आणि साचे परवडत नाहीत.

"नट-बोल्टचं घर आहे, परवानगी लागत नाही"

हे वाक्य तुम्हाला विक्रेत्याकडून नक्की ऐकायला मिळेल. खरं धरू नका. माणसं राहणार, संडास बांधणार, वीज घेणार, म्हणजे ते घर आहे. मग ते बोल्टवर उभं असो की चुन्यात.

सातबारा आणि आठ-अ काढा. जमीन गावठाणात आहे की शेतीत, हे आधी पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी मुळात शेतकरी असावं लागतं, त्यामुळे 'आधी जमीन घेऊ, कागद नंतर' असं करू नका. शेतीखालच्या जमिनीवर शेतकऱ्याला स्वतःच्या कुटुंबासाठी किंवा अवजारं, गुरं, धान्य यांच्यासाठी इमारत बांधण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे, पण शहरांच्या आसपासच्या पट्ट्यात तिलाही परवानगी लागते. इतर वापराला वेगळी प्रक्रिया आहे. तालुक्याला जाऊन झोन दाखला घ्या. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम लागतात, आणि खाडीकाठच्या जमिनींनाही वेगळी मर्यादा आहे. हे लोक विसरतात, कारण खाडी त्यांना समुद्र वाटत नाही.

नकाशाबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं डिझाइन मागा. कंपनी "आमचं स्टँडर्ड डिझाइन आहे" म्हणेल. मग विचारा, वाऱ्याचा वेग किती धरला? भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात ठिकाणानुसार मूळ वेग दिलेला आहे. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर. पुण्याच्या आकड्यावर केलेलं घर किनाऱ्यावर आणून उभं करू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे वाड्यांमधली सुपारी-नारळाची झाडं झोपली आणि घरांचे पत्रे उडाले. हलक्या घराचा भूकंपात फायदा असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड, जड भिंतींनीच माणसं गाडली. पण वाऱ्यात तोच हलकेपणा अंगाशी येतो. वारा भिंत ढकलतो त्याहून जास्त छप्पर वर खेचतो, म्हणून छपराचा सांधा भिंतीशी आणि भिंत जोत्याशी कशी बांधली आहे, एवढा एक नकाशा तरी नीट समजून घ्या.

रस्ता टेपने मोजा

ऑर्डर देण्याआधी मुख्य रस्त्यापासून जमिनीपर्यंत हातात टेप घेऊन चालत जा. प्रत्येक वळण, प्रत्येक मोरी, खाली लोंबणारी वीजतार, गडग्याबाहेर आलेली आंब्याची फांदी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. ४० फुटी ट्रेलर वळतो का, हे ट्रेलरच्या चालकालाच विचारा, कंपनीच्या माणसाला नको.

आमचा ट्रक देवळाजवळच्या वळणावर थांबला. पुढे तीनशे मीटर. सांगाड्याचे भाग टेम्पोतून चार फेऱ्यांत गेले, पण छपराचे पत्रे सांधा नको म्हणून बावीस फुटी अखंड मागवले होते. टेम्पोत ते मावेनात, बाहेर लोंबकळले तर दुमडणार. शेवटी वाडीतली आठ माणसं आली, पत्र्याखाली दर तीन फुटांवर बांबू घातला आणि पालखीसारखं एकेक पान खांद्यावरून नेलं. अठरा पत्रे, अख्खा दिवस. मी आधी मोजलं असतं तर अकरा-अकरा फुटी पत्रे मागवले असते किंवा लहान ट्रक सांगितला असता. हायड्रा क्रेन लागणार असेल तर तिच्या चाकांखाली भरावाची ओली माती चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

यावरूनच कामाचा हंगाम ठरतो. कोकणात जोतं दिवाळीनंतर, उभारणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एप्रिलअखेर बाहेरचे सगळे सांधे बंद. मे महिन्याच्या मध्यावर वळवाची सर येते, तोवर उघडा सांगाडा नको.

कंपनीच्या नकाशावर सही करण्याआधी

नकाशा हाती आला की तो जमिनीवर फक्कीने खराखुरा आखा. खोल्यांच्या रेषा, दारांची तोंडं, सगळं. मग आत खाट, स्टूल, रिकामा सिलिंडर ठेवा आणि घरातल्या बाईमाणसाला त्यातून चालायला सांगा. आमच्या आईने चुन्याच्या रेषांमधून हातात रिकामी कळशी घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "मागचं दार कुठाय? विहिरीवरून पाणी आणलं तर मी पुढच्या खोलीतून येऊ का?" आम्ही तिघं शिकलेले भाऊ महिनाभर तो नकाशा बघत होतो, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कागदावर दार वाढवायला एक दिवस लागला. तेच दार सांगाडा कापल्यावर वाढवायचं तर उभ्या पट्ट्या कापून वर नवी तुळई घालावी लागली असती.

भिंतीत काय काय अडकवायचं आहे त्याची यादी करा. ही यादी विक्रेता मागत नाही, तुम्हीच द्यायची. बोर्डच्या भिंतीत उभ्या पट्ट्या साधारण दीड-दोन फुटांवर असतात, मधल्या जागी मारलेला खिळा काही धरत नाही. गिझर, टीव्ही, स्वयंपाकघरातली कपाटं, भांड्यांची फळी, देव्हारा, इन्व्हर्टर, वॉश बेसिन, जिथे जिथे वजन येणार तिथे बोर्डच्या मागे प्लाय किंवा पोलादी पट्टी आधीच घालून घ्या. पंख्यांचं तसंच. आणि झोपाळा हवा असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगा. पातळ पट्ट्यांच्या कैचीला (छपराखालच्या त्रिकोणी सांगाड्याला) झोपाळा लटकवायचा नसतो, त्याला स्वतःची जाड तुळई आणि खाली उतरणारे खांब लागतात. पुढे सोलर बसवणार असाल तर त्या वजनाचीही आताच नोंद करा.

पश्चिम आणि नैर्ऋत्य अंगाला पडवी किंवा निदान तीन फुटांची वळचण घ्या. पावसाची झड तिकडूनच येते. बोर्डांच्या सांध्यात कितीही चांगलं सीलंट भरलं तरी भिंत भिजणारच नाही, असं छप्पर करणं हाच खरा उपाय. आपल्या जुन्या घरांना मातीच्या भिंती होत्या आणि त्या टिकल्या, त्या पागोळ्या लांब पडत होत्या म्हणून.

जोतं : इथे मिलिमीटर मोजावा लागतो

सगळ्यात जास्त घरं इथे बिघडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जमीन जांभ्याची असेल तर पाया सोपा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. तिच्यावर सरळ काँक्रीटचा थर ओतला तर जोतं वर्षभरात वाकडं होतं. घर हलकं आहे म्हणून पाया कमी चालेल, हा समज काळ्या मातीत तर उलटाच ठरतो, हलकं घर फुगणारी माती दाबून ठेवू शकत नाही. मुरूम लागेपर्यंत खणा किंवा इंजिनिअर सांगेल त्या पद्धतीचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्या. भरावाच्या जमिनीवर एक पावसाळा जाऊ दिलात तर उत्तम.

जोत्याची उंची दीड-दोन फूट ठेवा. पोलादाच्या तळपट्टीखाली ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा हवाच. ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असेल तर ओल्या सिमेंटचा स्पर्शही त्याला खातो. वाळवी पोलाद खात नाही, पण प्लाय, चौकटी आणि कपाटं खाते, तेव्हा काँक्रीट ओतण्याआधी वाळवीची फवारणी करून घ्या. सांडपाण्याचे पाइप, वायरींची नळी, पाण्याची लाइन जोत्यातून नेमकी कुठून वर येणार तेही कंपनीच्या नकाशावरूनच ठरवा. एक पाइप वीतभर चुकला तर तो भिंतीऐवजी खोलीत उगवतो.

आता बोल्ट. आमच्या गवंड्याने चाळीस वर्षं चिऱ्याची घरं बांधली आहेत, हात सोन्याचा. पण चिऱ्याच्या घरात इंचभर फरक गिलावा खाऊन टाकतो. इथे कारखान्यातून भोकं पाडूनच तळपट्टी येते. आम्ही जोतं झाल्यावर दोन्ही कर्ण मोजले तर अठरा मिलिमीटरचा फरक. म्हणजे आयत नव्हताच, किंचित कललेला चौकोन होता. एका बाजूचे चार बोल्ट भोकांत बसेनात. ते कापून, नवी भोकं पाडून रसायन भरून बोल्ट बसवावे लागले. दोन दिवस आणि मनस्ताप. चूक गवंड्याची नव्हती. त्याला हा फरक चालत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि ते सांगणं माझं काम होतं.

म्हणून असं करा. कोपरा ३-४-५ च्या मापाने (एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, तर तिरकं अंतर ५) काटकोनात आखा. मग दोन्ही कर्ण पोलादी टेपने मोजा, कापडी टेप ताणला जातो. फरक पाच मिलिमीटरच्या आत येईपर्यंत दोरी हलवा. बोल्टांची भोकं पाडलेला पत्र्याचा किंवा प्लायचा साचा कंपनीकडून आधी मागवा आणि काँक्रीट ओतताना बोल्ट त्या साच्यातच अडकवून ठेवा. ओतल्यावर लगेच, काँक्रीट ओलं असतानाच, पुन्हा कर्ण मोजा. पातळी पाण्याच्या नळीने तपासा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सिमेंटला निदान दहा दिवस पाणी मारावं लागतं. कंपनी घाई करेल. पाणी थांबवू नका.

कारखान्यात स्वतः जा

निम्मे पैसे देण्याआधी एकदा जाऊन या. पत्र्याच्या गुंडाळीवरचं लेबल वाचा. जस्ताचा लेप चौरस मीटरला २७५ ग्रॅम किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा १५० ग्रॅम हे आकडे खाऱ्या हवेसाठी पाहायचे. जाडी मायक्रोमीटरने मोजून दाखवायला सांगा. स्क्रू कोणते, हे विचारा, कारण किनाऱ्यावर पत्र्याआधी स्क्रूचं डोकं गंजतं. तुमची एखादी भिंत जोडून झाली असेल तर तिथेच टेप लावा. आमच्या न्हाणीघराची खिडकी सहा इंच खाली आलेली मला कारखान्यातच दिसली आणि तिथेच दुरुस्त झाली.

दर चौरस फुटाचा सांगतात, पण त्यात काय आहे ते लिहून घ्या. जोतं, वाहतूक, क्रेन, मजुरांचं राहणं-जेवण, जीएसटी, वायरिंग, नळकाम, फरशी, सेप्टिक टाकी यांतलं बरंचसं बहुधा दराबाहेर असतं. दोन कंपन्यांचे दर एकाच यादीवर मागवले नाहीत तर तुलनाच होत नाही. पैसे टप्प्यांनी द्या : सहीला थोडे, कारखान्यात माल दिसल्यावर, माल जागेवर उतरल्यावर, छप्पर झाल्यावर, आणि निदान दहावा हिस्सा पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. हे करारात आधीच असू द्या. बँकेचं कर्ज हवं असेल तर आधी बँकेत जा, जमिनीचे कागद आणि मंजूर नकाशा नसला तर तिथे पुढे काही होत नाही.

उभारणीचे दिवस

माणसं सराईत असतात, काम भराभर होतं. तुम्ही तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, प्रत्येक भिंत ओळंब्यात आल्यावरच बोल्ट आवळले जातात ना. दुसरी, छपराच्या पत्र्याचे स्क्रू नाल्याच्या उंचवट्यावर मारतात ना, खोलगट भागात नाही, आणि रबरी वायसर दबून चपटा झाला आहे पण फाटलेला नाही ना. तिसरी, अर्थिंग. सगळं घर पोलादाचं आहे, एक उघडी वायर सांगाड्याला लागली तर अख्खी भिंत विजेखाली येते. सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि बोर्डात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), यात काटकसर नाही. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, त्यासाठी वीजरोधकही घ्या.

आतले बोर्ड लागण्याआधी एक दिवस थांबवा आणि नळीने पाणी मारा. सरळ नाही, तिरकं, झड येते तसं, खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांवर आणि आढ्यावरच्या टोपीखाली, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. आत टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची एक बारीक रेघ आत उतरली. फ्लॅशिंगची, म्हणजे सांध्यावर पाणी अडवणारी पत्र्याची, पट्टी उलटी चढवली होती, वरची खाली आणि खालची वर. बोर्ड लागल्यावर ती ओल ग्लासवूलमध्ये मुरली असती आणि दोन पावसाळ्यांनी काळा डाग म्हणून दिसली असती.

पहिलं वर्ष

पहिल्या उन्हाळ्यानंतर छपराचे स्क्रू एकदा फिरून पाहायला लावा, पत्रा तापून-निवून काही सैल होतात. जिथे पत्रा कापला किंवा भोक पाडलं तिथली धार जस्तयुक्त रंगाने झाका आणि कापताना उडालेला लोखंडी कीस झाडून टाका, तो पत्र्यावर गंजून डाग पाडतो. पन्हळीतली आंब्याची पानं मेअखेर काढा. पावसाचा आवाज पत्र्यावर येतोच, रॉकवूलने कमी होतो, जात नाही. आईला तो आवडतो, वडिलांना बातम्या ऐकू येत नाहीत. वानरं छपरावर उड्या मारतात, त्यासाठी कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्या जवळ जवळ घ्या. आणि छपरावर झुकलेला माड असेल तर त्याचे नारळ वेळेवर उतरवा.

कंपनीची माणसं जायच्या दिवशी त्यांच्याकडून एक जादा पत्रा, थोडी फ्लॅशिंग, एक बोर्ड आणि डबाभर स्क्रू मागून घ्या. त्याच लॉटचा तोच रंग नंतर मिळत नाही. सांगाड्याचे आणि वायरिंगचे नकाशे, भिंती बंद होण्याआधीचे फोटो, सगळं एका फायलीत घालून घरातच ठेवा, म्हणजे पुढे खिळा मारणाऱ्याला वायर कुठून गेली ते दिसेल. आमचा जादा पत्रा पडवीच्या माळ्यावर होता. पहिल्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या माडाचा नारळ न्हाणीघरावर पडला, आणि गावातल्याच पोराने तासाभरात तो पत्रा बदलून दिला.